गरम पाइपवर लाकूड वळवताना: युकुलेलेच्या बाजूंना घट्ट बाक कसा द्यायचा

गिटार किंवा युकुलेले घरी बनवायला घेतलेल्या माणसाचं घोडं बहुतेक वेळा बाजूच्या पट्ट्यांपाशी अडतं. वरची तबली, पाठ, मान हे सगळं कापून, रंधून, घासून जमतं. पण चार बोटं रुंद आणि जेमतेम पावणेदोन मिलीमीटर जाडीची पट्टी कंबरेपाशी आत आणि पोटापाशी बाहेर वळवायची म्हटलं की ती मधोमध कडकन मोडते. आपल्याकडच्या वाद्यकामात हा प्रश्न फारसा उभाच राहिला नाही. मिरजेच्या तंबोऱ्याला गोलाई भोपळ्याकडून आयती मिळते, म्हणून गावातल्या चांगल्या सुतारालाही हे काम ठाऊक असेलच असं नाही. ज्यांनी लहानपणी आकाशकंदिलासाठी बांबूची कामटी मेणबत्तीच्या आचेवर धरून वाकवली आहे, त्यांना मात्र अर्धं तत्त्व आधीच कळलेलं असतं: वाकवते ती उष्णता. नवशिके पाण्यावर भिस्त ठेवतात, पट्ट्या रात्रभर बादलीत भिजत घालतात आणि मग कोमट पाइपवर जोर लावतात. पट्ट्या मोडण्याचं हेच सगळ्यात मोठं कारण.

लाकडाच्या आत काय होतं

लाकूड म्हणजे सेल्युलोजचे लांब तंतू आणि त्यांना धरून ठेवणारं लिग्निन. लिग्निन तापलं की मऊ पडतं, तंतू एकमेकांवरून किंचित सरकतात आणि थंड झाल्यावर नव्या जागी पक्के बसतात. पूर्ण कोरड्या लाकडात यासाठी बरीच जास्त उष्णता लागते. लाकडात ओलावा असेल तर शंभर अंश सेल्सिअसच्या आसपासच हे घडू लागतं. पाण्याचं काम एवढंच, शिवाय वाफ होऊन उष्णता आतपर्यंत पोचवायची.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पट्टी वाकते तेव्हा आतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची ताणली जाते. गरम, ओलसर लाकूड लांबीच्या दिशेने दाबलं जायला राजी असतं. वाकायला चांगल्या जातीचं लाकूड पाव हिश्श्यापर्यंतही आखडू शकतं. ताणलं जायला मात्र ते अजिबात तयार नसतं, एक-दोन टक्क्यांपुढे गेलं की फाटतं. म्हणून तडा बहुधा बाहेरच्या अंगाने जातो.

किती ताण येईल याचा अंदाज कागदावर काढता येतो. जाडीला बाकाच्या त्रिज्येच्या दुपटीने भागायचं. कंबरेची त्रिज्या ४५ मिमी आणि पट्टी १.८ मिमी असेल तर उत्तर येतं दोन टक्के, म्हणजे अगदी काठावर. कटअवेची, म्हणजे डाव्या हाताला जागा मिळावी म्हणून मानेजवळच्या खांद्यात दिलेल्या खाचेची, त्रिज्या २० मिमी आणि पट्टी २ मिमी असेल तर पाच टक्के. नुसत्या हाताने हे होणार नाही. बाहेरून धातूची पट्टी घट्ट धरली तर बाहेरचे तंतू ताणले जाऊ शकत नाहीत आणि सगळा बदल आतल्या बाजूच्या दाबावर ढकलला जातो. फर्निचर बनवणाऱ्या मिखाएल थोनेटने एकोणिसाव्या शतकात बीच या झाडाच्या जाड काठ्या वाफवून खुर्च्या केल्या, त्यात हीच युक्ती होती. त्याची प्रसिद्ध १४ नंबरची खुर्ची १८५९ ची. आपली पट्टी त्या काठ्यांच्या मानाने कागदासारखी पातळ असली तरी नियम तोच लागू होतो.

पट्टी निवडणं

इथे घाई करू नका. पाइप तापवण्याआधीच निम्मा निकाल लागलेला असतो.

आधी तंतूंची दिशा बघा. पट्टीच्या पृष्ठावर रेषा सरळ दिसतात म्हणून तंतू सरळ असतीलच असं नाही, ते जाडीतून तिरपे बाहेर पडत असू शकतात. पट्टीच्या कडेवरून बघा: कडेवरच्या रेषा पट्टीला समांतर धावल्या पाहिजेत. खात्री करायची असेल तर त्याच फळीचा टोकाचा टाकाऊ तुकडा घ्या, त्यावर पटाशी ठेवून एक ठोका द्या आणि तो फुटू द्या. करवत आपल्याला हवी तिथून जाते, फूट मात्र तंतूंच्या वाटेनेच जाते. दहा सेंटीमीटरच्या तुकड्यात फूट पाच-सहा मिलीमीटर बाजूला सरकली तर त्या फळीतून घट्ट बाकाची पट्टी काढू नये. ती फळी पाठीसाठी ठेवा.

टोकावरून बघताना वाढीच्या रेषा पट्टीच्या रुंद पृष्ठाला काटकोनात असतील तर उत्तम. अशी पट्टी एकसारखी वाकते आणि नंतर हवामानाप्रमाणे कमी हलते. गाठ, गाठीजवळची भोवऱ्यासारखी रेषा, किड्याचं बारीकसं भोक, यातलं काहीही कंबरेच्या जागी येत असेल तर पट्टी पुढेमागे सरकवून ते काढून टाका.

जातीबद्दल थोडं. आपल्या सुदैवाने शिसवी लाकूड गरम पाइपवर फार समजूतदारपणे वागतं. त्यातल्या राळेमुळे ते तापलं की लोण्यासारखं सैल सुटतं. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९६९ मध्ये ब्राझिलियन रोझवुड सोडून भारतीय शिसवी लाकूड घेतलं आणि तेव्हापासून जगभरच्या गिटारींच्या बाजू आपल्या दक्षिणेकडच्या शिसवीच्या होऊ लागल्या. त्याची धूळ मात्र अनेकांच्या त्वचेला आणि नाकाला सोसत नाही, घासताना मास्क लावाच. वखारीतून घेताना पावती मागून घ्या. २०१७ पासून शिसवीच्या डॅल्बर्जिया वंशातली सगळी झाडं ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराखाली आली आहेत. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, पण परदेशातल्या नातेवाइकाला शिसवीच्या कच्च्या पट्ट्या पाठवायच्या असतील तर कागदपत्रं लागतात.

अक्रोडही चांगला वळतो. महोगनी दिसायला गरीब, पण घट्ट बाकावर अचानक तुटते. तिला कंबर देताना हात जपून चालवावा. साग वाकतो, पण तेलकट असल्यामुळे सांध्याची जागा गोंदाआधी ॲसिटोनने पुसावी लागते. मेपल साधा असेल तर ठीक. लाटा-लाटांचा, चमकणारा मेपल पहिल्या कामाला घेऊ नये, कारण प्रत्येक लाटेवर तंतू पृष्ठाबाहेर डोकावत असतात आणि तिथेच ढलपी उठते.

आता जाडी. आपला सुतार सुतात मोजतो, आणि सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलीमीटरहून थोडं जास्त. इथे सूत फार मोठं पडतं. बारीक जाडी मोजणारं एक व्हर्निअर घ्या. कॉन्सर्ट आकाराच्या युकुलेलेला १.६ ते १.८ मिमी, गिटारीला २ ते २.३ मिमी पुरते. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे २ मिमीची पट्टी १.६ वर आणली की ती वाकवायला लागणारा जोर जवळपास निम्मा होतो. तेव्हा जोर वाढवण्यापेक्षा दोन-चार फेरे रंधा फिरवणं कधीही बरं. आणि जाडी सगळीकडे सारखी हवी. दर पाच सेंटीमीटरवर मोजा, फरक ०.१ मिमीच्या आत ठेवा. कुठे पातळ राहिली तर पट्टी तुमचं न ऐकता तिथेच वाकेल आणि गोलाईऐवजी कोपरा तयार होईल. शेवटी दोन्ही पृष्ठं १५० च्या पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने घासून घ्या. रंध्याचा आडवा ओरखडा राहिला तर तडा तिथूनच सुरू होतो.

पाइप आणि आच

विकतची इलेक्ट्रिक बेंडिंग आयर्न मिळते, पण एका वाद्यासाठी एवढा खर्च करायची गरज नाही. दोन इंची साध्या लोखंडी, म्हणजे एमएस पाइपचा फूटभर तुकडा फॅब्रिकेशनवाल्याकडून कापून आणा. नळाचा जीआय पाइप घेऊ नका, त्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि आच जास्त झाली तर त्याचा धूर घातक असतो. कापलेल्या कडा कानशीने मारून घ्या. कटअवेसारख्या बारीक बाकासाठी एक इंची पाइपचा तुकडाही हवा.

पाइप व्हाइसमध्ये आडवा पकडा, अर्ध्याहून जास्त भाग बाहेर राहील असा. व्हाइसच्या जबड्यात लाकूड लावू नका, जळेल. मागच्या तोंडातून हीट गनची हवा आत सोडा, १५०० ते २००० वॉटची गन पुरते. पुढचं तोंड पत्र्याच्या तुकड्याने अर्धवट झाका. पूर्ण बंद केलं तर गरम हवा उलटी फिरून गनच तापेल. पट्टीवरचं पाणी गनवर किंवा वायरवर ठिबकणार नाही अशी मांडणी करा. गॅसची टॉर्च वापरणारेही आहेत, पण बंद खोलीत आणि लाकडाच्या भुशाजवळ ती नकोच.

तापमान मोजायला यंत्र नसलं तरी चालतं. पाइपवर पाण्याचा थेंब टाका. तो नुसता पसरून हळूहळू सुकला तर पाइप थंड आहे. टाकताक्षणी चर्र करून उडून गेला की काम सुरू करता येतं. थेंब न फुटता गोळी होऊन नाचत घरंगळला तर पाइप दोनशे अंशांच्या आसपास किंवा वर गेला आहे. शिसवीला ते चालून जाईल, पण फिकट लाकूड तिथे क्षणात करपतं. गन जरा मागे घ्या.

साचा आणि खुणा

वाद्याच्या अर्ध्या बाह्याकाराचा साचा प्लायमधून कापून घ्या. वळवताना पट्टी दर थोड्या वेळाने त्यावर लावून बघायची असते. वळवून झाल्यावर पट्टी कोंडून ठेवायला त्याच आकाराचा बाहेरचा साचा लागतो, तो १८ मिमी प्लायचे दोन-तीन थर जोडून करता येतो.

लांबीसाठी साच्याच्या कडेने दोरा फिरवून मोजा आणि दोन्ही टोकांना चार-पाच सेंटीमीटर जास्त ठेवा. टोकाचा भाग पाइपवर नीट वळत नाही, शिवाय हातात धरायलाही काहीतरी हवं. मग पट्टीवर पेन्सिलने कंबरेची रेषा आखा आणि लिहा: बाहेर, आत, वर, खाली, डावी, उजवी. हे पोरकट वाटेल. पण एकाच फळीतून काढलेल्या जोडीच्या पट्ट्या आरशातल्या प्रतिमेसारख्या वळवायच्या असतात, आणि खुणा नसल्या की सुंदर वळलेल्या दोन डाव्या बाजू हातात येतात. पेन्सिलच वापरा. बॉलपेनची शाई वाफेने पसरते.

पाणी, बेताचं

शिसवी आणि अक्रोडाला दोन्ही बाजूंनी स्प्रे मारला की पुरतो. महोगनी किंवा जरा जाड पट्टी असेल तर दहा-पंधरा मिनिटं पाण्यात ठेवा, त्याहून जास्त नको. फार भिजलेली पट्टी रुंदीत पन्हळीसारखी वळते, वाळताना आकार बदलते आणि तापायलाही वेळ घेते, कारण सगळी आच आधी पाणी उकळण्यात जाते. ज्या लाकडात टॅनिन जास्त असतं त्यावर ओल्या अवस्थेत लोखंड लागलं की काळेनिळे डाग पडतात. पाइपवर ॲल्युमिनियम फॉइलचा एक थर गुंडाळा, डाग टळतील. शिसवीतून जांभळट-तपकिरी रंगाचं पाणी सुटतं, ते पांढऱ्या तबलीवर पडू देऊ नका.

प्रत्यक्ष वळवणं

चामड्याचे किंवा जाड सुती हातमोजे घाला. पाइपच्या पलीकडे दाब द्यायला एक सपाट लाकडी ठोकळा हातात असू द्या, त्यावर ओलं फडकं गुंडाळलेलं.

कंबरेपासून सुरुवात करा. सगळ्यात घट्ट बाक तिथेच असतो. मोडायचीच असेल तर पट्टी तिथे मोडेल आणि बाकीची मेहनत तरी वाचेल. कंबरेच्या जागी पट्टीचं बाहेरचं पृष्ठ पाइपला लागतं, हे ध्यानात ठेवा, कारण कंबर आत वळते. पोट आणि खांदे वळवताना पट्टी उलटून आतलं पृष्ठ पाइपवर येईल.

पट्टी पाइपला अगदी काटकोनात धरा. जराशी तिरपी झाली तरी तिला पीळ पडतो आणि तो पुढे साच्यात बसताना त्रास देतो. आता दाबू नका. पट्टी पाइपवर टेकवा, कंबरेच्या रेषेच्या दोन्हीकडे दोन-तीन सेंटीमीटर सावकाश पुढेमागे सरकवत राहा. पाणी फसफसेल, वाफ निघेल. काही सेकंदांनी हाताला जाणवेल की पट्टीचा ताठा गेला, तिने अंग सैल सोडलं. हा क्षण शब्दांत सांगता येत नाही, पण एकदा हाताला कळला की विसरत नाही. त्यानंतरच हलका दाब द्यायचा, आणि तोही पट्टीची टोकं धरून लांबून नाही, पाइपच्या अगदी जवळून. ठोकळ्याने वरून दाबलं तर पट्टी पूर्ण रुंदीत पाइपला चिकटते, नाहीतर कडा वर उचलल्या जातात.

एका जागी थांबू नका. थांबलं की तिथे चट्टा तरी पडतो किंवा तुटक कोन तयार होतो आणि गोल बाक षटकोनी दिसू लागतो. बाक येऊ लागला की साच्यावर लावून बघा. पट्टी कोरडी पडली तर पुन्हा स्प्रे मारा. थंड झाल्यावर ती थोडी उघडते, म्हणून हव्या त्यापेक्षा किंचित जास्त वळवा. जास्त वळल्याची भीती नको, पाइपवर उलट बाजूने टेकवली की बाक खुलतो. साच्यात जोर लावून दाबण्यापेक्षा पट्टी आपल्या वजनाने अलगद बसेल इतकी वळली पाहिजे. बोटांच्या हलक्या दाबाने एक-दोन मिलीमीटरची फट मिटत असेल तर पुष्कळ झालं.

कंबर झाली की वरचा खांदा, मग खालचं पोट. हे बाक मोठे असतात, पटकन होतात. फक्त कंबर जिथे संपते आणि पोट सुरू होतं तो सरळसा तुकडा सांभाळा. नवशिक्याच्या वाद्यात तिथेच हमखास खड्डा दिसतो.

पट्टी सपाट आहे की नाही ते पाहायला ती कडेवर उभी करून टेबलावर ठेवा. डुगडुगली तर पीळ आहे. पुन्हा तापवून, दोन्ही टोकं उलट दिशेने किंचित पिरगाळून तो काढता येतो.

कटअवे असेल तर

पहिल्या वाद्याला कटअवे नको, असं माझं स्पष्ट मत आहे. हौस असेलच तर त्या भागापुरती पट्टी १.५ मिमीवर आणा, एक इंची पाइप घ्या आणि बाकाच्या बाहेरच्या अंगाला धातूची पट्टी लावा. ०.२ मिमीच्या आसपास जाडीचा स्टेनलेस स्टीलचा पत्रा, बाजूइतकाच रुंद, दोन्ही टोकांना लाकडी मुठी. पत्रा सतत ताणलेला राहायला हवा. सैल पत्रा असून नसल्यासारखाच.

दुसरा मार्ग म्हणजे थर जोडणं. अर्ध्या मिलीमीटरच्या विनिअरचे, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याचे, तीन थर, मध्ये इपॉक्सी, आणि सगळं साच्याभोवती क्लॅम्पने आवळून रात्रभर. प्रत्येक थर इतका पातळ की ताणाचा हिशेब सहज पाळला जातो. इथे नेहमीचा पांढरा फेव्हिकॉल टाळा. तो वाळल्यावरही ताणाखाली हळूहळू सरकतो आणि बाक काही महिन्यांत खुलू लागतो.

बिघडलं तर

बाकाच्या बाहेरच्या पृष्ठावर बारीक ढलपी उठली की लगेच थांबा. वळवत राहिलात तर ती पट्टीभर पळेल. ढलपी खाली दाबून आत पातळ फेविक्विक सोडा, वाळू द्या, मग उरलेला बाक धातूची पट्टी लावून पुरा करा. गरम झालेल्या फेविक्विकची वाफ डोळ्यांना झोंबते, खिडकी उघडी ठेवा आणि तोंड बाजूला. तडा आरपार गेला असेल तर ती पट्टी सोडून द्या.

आतल्या बाजूला सुरकुत्या पडल्या तर आच कमी पडली किंवा घाई झाली असं समजा. पुन्हा तापवून ठोकळ्याने दाबलं की बऱ्याचशा बसतात. करपलेला डाग वरवरचा असतो, घासून जातो. म्हणूनच पट्टी ठरलेल्या जाडीपेक्षा ०.१ मिमी जाड ठेवलेली बरी.

साच्यातले दिवस

वळलेली पट्टी बाहेरच्या साच्यात बसवा, कंबरेपाशी आतून ठोकळा आणि क्लॅम्प लावा आणि निदान एक रात्र, जमलं तर दोन-तीन दिवस तशीच राहू द्या. काढल्यावर थोडी उघडली तर पाइपवर कोरडीच टेकवून दुरुस्त करा, पुन्हा भिजवायची गरज नसते.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. त्या दिवसांत पट्ट्या वळवायला हरकत नाही, पण तबली-पाठ चिकटवून खोकं बंद करू नका. ओल धरलेलं लाकूड दिवाळीनंतर आकसतं आणि तबलीला चीर जाते. आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांवर असेल तेव्हा खोकं बंद करावं. स्वस्तातला आर्द्रतामापक कामाच्या खोलीत टांगून ठेवा.

मधल्या काळात रिकामं बसायला नको. मान आणि शेपटीकडचे ठोकळे पट्ट्यांना चिकटवून घ्या, आणि बाजूंच्या आतल्या कडेला लावायच्या अस्तरपट्ट्या तयार करा. त्या पाच-सहा मिलीमीटर जाड असतात, तशा वाकणार नाहीत. दर पाच मिलीमीटरवर बारीक करवतीने जवळपास आरपार, फक्त अर्धा-पाऊण मिलीमीटर लाकूड राखून, चिरा द्या. मग त्या आचेशिवायही कंबरेच्या बाकात बसतात, आणि कपड्याच्या चिमट्यांवर रबरबँड गुंडाळले की चिकटवायला क्लॅम्पही विकत घ्यावे लागत नाहीत.